चुना मारायचा राहिला

४ मार्च

आजपासून मी डांबराच्या धंद्यात. वाक्य पुन्हा वाचून पाहिलं, चूक सापडली नाही. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, लोकांच्या चुका काढून घर चालवलं. छापखाना बंद पडला तेव्हा लक्षात आलं, की दुसऱ्याच्या चुका काढण्यापलीकडे आपल्याला काहीच येत नाही. भाड्याचं घर सोडलं, सामान टेम्पोत घातलं आणि आम्ही दोघं हिच्या माहेरी राहायला आलो. ही म्हणते, "माहेरी आलो असं नाही म्हणायचं, बाबांना सोबत म्हणून आलो म्हणायचं." शब्द बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, हे निदान मला तरी सांगायला नको.

सकाळी बाबांबरोबर कामावर गेलो. बाबा म्हणजे हिचे वडील, मीही त्यांना बाबाच म्हणतो. ते रस्ते करतात. सोसायट्यांचे, कारखान्यांच्या आवारांतले, गोदामांपुढचे. इथली माती काळी, चिकण. उन्हानं आकसते, पाणी मिळालं की फुगते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर फाटत जातं. बाकीच्यांचे रस्ते एका उन्हाळ्यात उकलतात. बाबांचे उकलत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

मी पोचलो तेव्हा फावडी क्षणभर थांबली. "जावईबापू आले," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. ते पांढरे होते. दुपारी जेवायला बसलो तेव्हा नव्हते.

७ मार्च

चहाच्या वेळी बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं घर कुठं?" मी हसून वेळ मारून नेली. कपातला चहा संपायच्या आत त्यांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. शेवटी मुकादम मध्येच बोलला, "मालक, चहा निवतोय." कामगार खाली बघत बसले होते. घरजावई हा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "त्यांच्या मनात तसं काही नसतं हो," म्हणाली.

मनात नसतं तर तोंडात तीन-तीनदा कसं येतं?

११ मार्च

हत्यारांच्या खोलीला मी कुलूप लावलं. बाबा परत जाऊन ओढून बघून आले. गाडीत बसल्यावर पुन्हा उतरले, पुन्हा ओढून बघितलं. मी काय चोर आहे?

हा मुकादमही जरा जास्तच शहाणा आहे. बाबांना कुणी काही विचारलं की उत्तर हा देतो. "मालकांचं म्हणणं असं, की..." मालक शेजारीच बसलेले असतात, आणि तरी यांचं म्हणणं हाच सांगतो. छापखान्यात असा एक जण होता, साहेबांच्या केबिनबाहेर बसून साहेब झालेला.

१४ मार्च

नवं काम आलं. प्रसूतीच्या एका रुग्णालयाचं आवार. फाटकापासून दारापर्यंत ॲम्ब्युलन्सला पक्का रस्ता हवा आहे. आत्ता तिथे हिरवळ आहे, माळी रोज पाणी घालतो. तिथल्या मेट्रनबाई उंच, ताठ आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "टिकेल ना?" बाबा म्हणाले, "माझं नाव आहे त्यावर." एवढंच. मला त्या वेळी त्यांचा फार हेवा वाटला. माझं नाव कशावरच नाही.

मुकादमाच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तो गावी चाललाय. जाताना हिच्याशी दारात उभं राहून बराच वेळ कुजबुजत होता. मी आलो तसा गप्प झाला. मग मला म्हणाला, "जावईबापू, मालकांकडे लक्ष ठेवा. उन्हाचा त्रास होतो त्यांना." मी म्हटलं, ठेवतो. हे काम मुकादमाशिवाय मी करून दाखवणार आहे.

१८ मार्च

आज माझा फार पाणउतारा झाला. सविस्तर लिहितो.

हिरवळ काढून झाली. रेघा आखायला टाकलेली चुन्याची फक्की कामगारांच्या पायांनी सगळीकडे पसरली होती. आता माती उकरून, ती फुगू-आकसू नये म्हणून तिच्यात चुना कालवायचा, पाणी मारून मुरू द्यायची, मग रोलर, मग मुरूम. एवढं मी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. म्हणून सकाळी बाबांना विचारलं, चुन्याच्या गोण्या कधी मागवू?

ते पायरीवर बसून बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "चुना परवाच मारला की. मी स्वतः उभा राहून मारून घेतला."

म्हणजे मला घरी ठेवून, माझ्या पाठीमागे, हे तिथे जाऊन काम उरकून आले. एवढा अविश्वास! ज्याच्यावर काम सोपवलं म्हणून मेट्रनबाईंपुढे ओळख करून दिली, त्याला साधा चुना मारू द्यायचा नाही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी "बरं" म्हटलं आणि निघालो.

जागेवर जाऊन पाहिलं. जमीन पांढुरकी दिसत होती. मी वाकूनही बघितलं नाही. मुरूम टाकायला सांगितला.

२२ मार्च

रस्ता झाला. गरम मालाच्या गाड्या वेळेवर आल्या, निवायच्या आत सगळं पसरून रोलर फिरला. वर ऊन, खाली डांबर, मध्ये आम्ही. संध्याकाळी ते काळं, गुळगुळीत आवार बघताना छाती भरून आली. मेट्रनबाई चपला काढून अनवाणी चालून आल्या नि "अगंबाई" म्हणत परत चपलांकडे पळाल्या. तेवढंच एक हसू त्यांच्या तोंडावर पाहिलं.

बाबा कडेकडेने चालत होते. म्हणाले, "कुणाचं काम आहे हे? स्वच्छ केलंय." मी म्हटलं, "माझंच, बाबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. टोमणा होता की कौतुक, अजून ठरवता येत नाही.

२५ मार्च

मुकादम परतला. रुग्णालयाचा रस्ता बघून आला आणि पहिलाच प्रश्न, "चुना कुणी मारला?"

"बाबांनी," मी म्हटलं. "स्वतः उभं राहून."

त्याने टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाला, "तुम्ही बघितलात?" मी चिडून म्हटलं, मालकांवर विश्वास नाही का तुझा? त्यावर तो टोपी घालून निघून गेला. बरा गप्प बसवला.

ही हल्ली बाबांच्या सदऱ्यांच्या खिशांत आतून कापडाची पट्टी शिवते, पट्टीवर आपला फोन नंबर. लाँड्रीत कपडे बदलतात म्हणून असेल. माझ्या सदऱ्यांना मात्र शिवत नाही.

८ एप्रिल

स्कूटरची किल्ली शोधत होतो, ती हिच्या कपाटात साड्यांच्या खाली सापडली. विचारलं तर म्हणाली, "राहू द्या तिथेच. बाबांनी मागितली तर सापडत नाही म्हणा." म्हणजे आता किल्लीसुद्धा माझ्यापासून लपवायची आणि कारण बाबांचं सांगायचं. मी बसने गेलो.

२४ एप्रिल

फाटकाजवळ कडेला एक भेग. केसाएवढी. उन्हाने असेल.

२६ एप्रिल

केस राहिला नाही. बोटाचं पेर जाईल एवढी झाली. कडेला समांतर, दारापर्यंत. माळ्याच्या वाफ्यांच्या बाजूला उलट प्रकार, तिथे रस्ता फुगून वर आलाय, चादरीखाली मांजर झोपल्यासारखा. मी आणि एक कामगार पातळ डांबर घेऊन गेलो आणि भेग भरली. माझ्या मागे दोन आया उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "नवा आहे ना गं हा रस्ता?" मी मागे वळून बघितलं नाही.

हिरवळ होती तोवर माती पाणी पिऊन फुगलेली होती. आता पाणी बंद, वर हे ऊन. ती सुकत चालली आहे आणि रस्त्याला घेऊन चालली आहे. पण चुना मारलेली माती अशी वागायला नको. बाबांनी चुना कमी मारला असणार. मी घरी काहीच बोललो नाही. त्यांच्या चुकीबद्दल मी का बोलू?

३ मे

आज रुग्णालयात जे झालं ते लिहून ठेवतो.

भेग भरायला म्हणून मी तिथेच होतो. रिक्षातून एक बाई आली. कळा चालू होत्या. तिला चाकांच्या स्ट्रेचरवर घेतलं आणि आयांनी ढकलत आणलं. पुढचं चाक भेगेत गेलं नि अडकलं. स्ट्रेचर तिरका झाला. बाईने माझ्या बाजूचा दांडा घट्ट धरला. तिच्या नवऱ्याने, आयांनी आणि मी तो तसाच उचलून दारापर्यंत नेला. तिच्या पायातली चप्पल त्या भेगेजवळ पडून राहिली होती. ती मी उचलून पायरीवर नेऊन ठेवली.

बाई आणि बाळ सुखरूप आहेत, असं आईबाबा झालेल्या त्या दोघांच्या नातेवाइकाने बाहेर येऊन सांगितलं. त्याने मला कुणी नातलगच समजून माझा हात हातात घेतला. माझ्या हाताला डांबर होतं. तेव्हा त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

५ मे

रुग्णालयाने दुसऱ्या कुणा जाणकाराला बोलावून कडेला खड्डा घेऊन बघितला. मुरमाखाली काळीभोर माती. चुन्याचा कणही नाही. नऊ तारखेला बाबांना आणि मला बोलावलं आहे.

मी मनातल्या मनात वाक्यं जुळवतो आहे. चुना मारला असं मला सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं, हेही सांगणार. मी का म्हणून तोंडघशी पडू?

ही म्हणाली, "बाबांना नका नेऊ." मी म्हटलं, त्यांनाच तर न्यायचं आहे.

९ मे

नेलं त्यांना.

मेट्रनबाईंच्या खोलीत आम्ही तिघं, शिवाय खड्डा घेणारे ते गृहस्थ. मुकादम दारात उभा. मेट्रनबाई आवाज न चढवता बोलल्या, "आम्हाला लावलात तेवढा चुना जमिनीला लावला असतात, तर ही वेळ आली नसती." त्या गृहस्थांना हसू आलं.

मी म्हटलं, "चुना बाबांनी मारून घेतला. मला त्यांनी तसं सांगितलं. त्यांनाच विचारा."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, मांडीवर दोन्ही हात.

"मारला ना," ते म्हणाले. "परवाच मारला. त्या कालव्याच्या पुलाजवळ."

"इथे कुठे आहे पूल?" मेट्रनबाईंनी विचारलं.

बाबा माझ्याकडे वळले. ती नजर मी ओळखायला हवी होती. फळ्यापुढे उभं केलेलं पोर, वर्गातलं कुणी हळूच उत्तर सांगेल म्हणून बघतं, तशी होती. मुकादम दारातून म्हणाला, "मालकांचं म्हणणं असं, की..." मी त्याला हाताने थांबवलं.

"बाबा, नीट सांगा," मी म्हटलं. "कुठल्या वारी मारला? बरोबर कोण होतं? गोण्या कुठून आणल्या?"

असं मी एकामागून एक विचारत गेलो. प्रुफावर लाल पेन चालवावं तसं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, चेहरा उजळला. त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून बाहेर काढला, आतली पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि आमचा फोन नंबर वाचून दाखवला. एकेक आकडा, स्वच्छ, मोठ्याने. वाचून झाल्यावर मेट्रनबाईंकडे बघितलं, बरोबर आलं का अशा नजरेनं.

मेट्रनबाई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या, खिसा हळूच आत सारला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, काका. बसा. पाणी घेता?"

आता खरं लिहितो, कारण हे मी हिलासुद्धा सांगू शकणार नाही. त्या क्षणी मला आधी हायसं वाटलं. चूक माझी नव्हती. अगदी छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मग बाबांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरलेला दिसला, आणि आपण काय केलं ते मला कळलं.

१० मे

ही रडली नाही. ती रडेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने जेवायला वाढलं आणि समोर बसली.

मी विचारलं, केव्हापासून? म्हणाली, आई गेली त्यानंतर लगेचच. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. मुकादमाला माहीत होतं. त्याने बाहेर कुणाला कळू दिलं नाही, तिने घरात. म्हणूनच तिला इथे राहायला यायचं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही आल्यापासून त्यांच्यावर रुसलेले. त्यांनी घर विचारलं की तुम्हाला ते लागायचं. रुसलेल्या माणसाला समोरचा धडधाकटच दिसतो हो."

मागची पानं चाळली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. घर कुठं, कुलूप, किल्ली, पट्टी. ज्याने जन्मभर ओळीतला एक काना हुकलेला पकडला, त्याला हे दिसलं नाही.

मुकादमही भेटला. म्हणाला, "मालकांची लाज राखायला गेलो आणि तुमचं नुकसान केलं. जाताना तुम्हाला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. हे दोघांनाही पटलं.

१२ मे

बाबांना त्या दिवशीचं काही आठवत नाही. पण काहीतरी झालं आहे हे त्यांच्या अंगात राहिलंय. दिवसभर पलंगाच्या कडेवर बसतात, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे. जेवताना हिला विचारलं, "माझ्या हातून कुणाचं काय झालं गं?" ती म्हणाली, काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "माणसं मला हसली. कशाला हसली?"

मी ताटावरून उठलो.

१३ मे

मेट्रनबाईंकडे एकटाच गेलो. म्हटलं, चूक माझी. मला सांगितलं चुना मारलाय आणि मी वाकून बघितलं नाही, कारण मी रागात होतो. तसं तुमच्याकडच्या सगळ्यांना कळू द्या. त्यांचं नाव यात नको. रस्ता आमच्या खर्चाने उखडून पुन्हा करतो.

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही थांबायला हवं होतंत." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "करा काम."

एवढ्यावर सुटलो असं वाटून बाहेर आलो, तर पायरीवर त्या दिवशीची आया बसली होती. तिने मला वाट द्यायला पदर सावरून घेतला. डांबर लागेल म्हणून असेल. पण मला नाही तसं वाटलं.

१५ मे

बाबा तसेच पलंगाच्या कडेवर. मी जाऊन समोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "बाबा, रुग्णालयाचा रस्ता उकलला. चुना मारायचा राहिला. माझ्याकडून राहिला."

त्यांनी मान वर केली. "चिकण मातीवर? चुन्याशिवाय?"

"हो."

मग ते उभे राहिले. किती दिवसांनी आवाजात जोर आला. "जावईबापू, लाज नाही वाटत? अहो, डांबर म्हणजे वरचा कपडा. अंग नको का आधी धुवायला? आधी माती उकरायची. चुना पसरायचा, पीठ मळावं तसा एकजीव करायचा. पाणी मारायचं आणि मुरू द्यायची. घाई केलीत की ती तुम्हाला सोडत नाही. आणि नाव कुणाचं जातं? माझं जातं!"

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. चुकलो म्हटलं. बोलून झाल्यावर त्यांनी भूक लागली म्हणून सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं.

२७ मे

उखडायला घेतलं. बाबांना बरोबर आणलं, भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून दिली. फाटकातून आत येताच त्यांनी विचारलं, "इथे उकरलंय कुणी?"

मी सांगितलं. चुना राहिला, माझ्याकडून. लगेच तोच राग, तीच बोलणी, सगळ्या कामगारांसमोर. पहिल्यांदा दोघं-तिघं हसले. मुकादमाने त्यांच्याकडे बघितल्यावर कामाला लागले.

चुना मी स्वतः कालवला. हात भाजल्यासारखे झालेत, नखांत पांढरं. माती नुसती सुकलेली नव्हती, पार दगड झाली होती. पाणी मारलं की चपलेला धरून बसते.

३० मे

रोज फाटकात तोच प्रश्न, मग तीच बोलणी. त्यांना वाटतं, आजच कळलं. मुकादम म्हणाला, "कशाला रोज ऐकून घेता? दुसऱ्या कुणी केलं म्हणा, नाहीतर पाइप टाकतोय म्हणा." मी एकदा तसं करून पाहिलं. पाइप टाकतोय म्हटलं. बाबा "अच्छा" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. दिवसभर तसेच बसून राहिले, हात मांडीवर.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खरं सांगितलं. म्हणजे, खरं म्हणावं की नाही, कोण जाणे.

९ जून

बोलणी खाता खाता काम शिकतोय. आज त्यांनी कडेबद्दल सांगितलं. म्हणाले, रस्ता मधून मरत नाही, कडेने मरतो. पाणी तिथून आत जातं, तिथूनच बाहेर जातं. कडेला माती एकसारखी ओलसर राहिली पाहिजे, कधी तळं, कधी वाळवंट असं नाही चालत. मी माळ्याशी बोलून त्याचे वाफे भिंतीपलीकडे हलवले. माळी कुरकुरला. त्यालाही म्हटलं, चूक माझी. हे वाक्य आता मला सहज येतं. पण लाज कमी होत नाही. लोकांना वाटतं मी मोठ्या मनाचा. मेट्रनबाईंनी चहा पाठवला. त्यांना माझं हायसं वाटणं माहीत नाही.

१८ जून

नवा रस्ता झाला. कुणाला बोलावलं नाही. ॲम्ब्युलन्स येऊन गेली, चाकांचा आवाज एकसारखा आला.

११ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. पाऊस झाला, रस्ता हलला नाही. दर आठवड्याला बाबांना घेऊन जातो, कडा बघतो, बारीक काही दिसलं की भरून टाकतो.

त्यांची बोलणी आता आखूड होत चालली आहेत. आज "पाणी मारायचं" विसरले. मी हळूच म्हटलं, "आणि पाणी, बाबा." तर म्हणाले, "हां, पाणी. माहीत आहे तर मग मारलं का नाहीत?"

हिला घरी येऊन हे सांगितलं. ती खूप हसली, मग उठून आत गेली.

३ ऑक्टोबर

सकाळी त्यांनी हिला "बाई" म्हणून हाक मारली. ती "आले" म्हणाली आणि गेली. मी तिच्यासाठी चहा केला. कधी नव्हे ते, त्यामुळे साखर कुठे असते हे तिलाच विचारावं लागलं.

१९ नोव्हेंबर

आज रुग्णालयात गेलो. बाबा फाटकातून आत आले, रस्त्यावरून हळूहळू चालत दारापर्यंत गेले, परत आले. मी थांबलो. त्यांनी काहीच विचारलं नाही. फाटकापाशी बाहेरच्या जुन्या आणि आमच्या नव्या डांबराचा जोड दिसतो तिथेही त्यांचा पाय अडला नाही. एक बाई बाळाला घेऊन बाहेर पडत होती, तिला वाट देऊन ते बाजूला उभे राहिले.

मला करमेना. मला ती बोलणी हवी होती. मीच जवळ गेलो आणि म्हटलं, "इथे चुना मारायचा राहिला होता. माझ्याकडून राहिला. सगळा रस्ता उकलला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना अशा बेताने, आणि माझा दंड धरून मला भिंतीच्या आडोशाला नेलं.

"होतं असं," म्हणाले. "नवा आहेस. मालकाला सांगू नकोस, मी बघतो काय ते."

मी मान हलवली.

"ओरडतो तो," ते म्हणाले. "पण मनात ठेवत नाही."